तिच्या पोटातला आवाज

पत्नी जाऊन चार महिने झाले. तिच्याविषयी काही लिहा, असे मुलांनी सुचवले तेव्हा मी नको म्हटले होते. पण एक गोष्ट लिहायचीच, असे आता ठरवले आहे. रोज चार ओळी लिहितो. गोष्ट माझ्या चुकीची आहे, म्हणून ती गाळून पुढे जाता येत नाही.

आमचे लग्न झाले तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदाच म्हणत. चिमूरपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचे गाव होते. मी तिथल्या शाळेत मास्तर. घरी आई, वडील आणि आम्ही दोघे. वडील पहाटेच धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे भातखाचरांकडे, जात आणि दहाच्या सुमारास जेवायला परतत. मग ते आणि मी पाटावर बसायचो, ती वाढायची. जेवताना बोलायचे नाही, हा वडिलांचा दंडक होता.

त्या शांततेत एक दिवस तिचे पोट वाजले. चांगले लांब, घोळून घोळून वाजले. ती भाताचे भांडे उगाच आदळून मागे सरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "अवं, पोटात बेंडकं पोसून राह्यली का तू?"

वडील हसले. मीही हसलो. ती खाली मान घालून वरण वाढत राहिली.

पण मला ते लागले होते. शाळेच्या कपाटात आरोग्याचे एक जुने पुस्तक होते, ते मी काढले. जठर आणि आतडी सतत आकुंचन पावत असतात, आतले पाणी आणि वारा त्यामुळे पुढे सरकतो, त्याचा आवाज होतो, असे त्यात होते. पुढे उपाय दिले होते. घास सावकाश चावावा, घटाघटा पाणी पिऊ नये, वातूळ डाळी कमी खाव्यात, ओवा घ्यावा. आमच्याकडे लाखोळीची डाळ रोजची. मला वाटले, झाले, कारण सापडले. बाजाराच्या दिवशी ओवा आणि काळे मीठ आणले आणि तिला सांगितले, "रोज सकाळी चिमूटभर खात जा."

तिने आठ दिवस खाल्ला. आवाज वाढला.

रविवारी मी रोवणीला हात लावायला गेलो होतो. तीही आली होती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आम्ही दोघेच होतो, तेव्हा मी विचारले, "ओवा खाऊन राह्यली ना?"

"खाऊन राह्यली. पन अवो, ओव्यानं तं भूक आनखीनच भडकते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं कुठी? सरळ दवाईच आनली. मास्तर लोकाइचं असंच रायते. उत्तर आधी, सवाल मंग."

ती हसत होती. मला हसू येईना. मी विचारले, ती जेवते केव्हा? तिने सांगितले, ते मला तोवर माहीत नव्हते. चार वाजता उठून ती धान कांडायची, पाणी भरायची, शेण काढायची. नव्या सुनेने सासऱ्याआधी तोंडात घास घालायचा नाही. आमचे झाले की आई जेवणार, मग भांडी, मग गुरे, मग ती. बारा वाजून जात. भाजी संपलेली असली की भातावर नुसते मीठ. आवाज दाबायला ती मधून मधून लोटाभर पाणी पिई, आणि रिकाम्या पोटात ते पाणीच जास्त खळखळे.

घरी येऊन मी पुस्तकाचे ते पान पुन्हा वाचले. उपायांच्या वरच लिहिले होते की, पोट रिकामे असले तर आवाज अधिक मोठा ऐकू येतो. वेळेवर थोडे थोडे खावे. मी ती ओळ वाचली होती. ती माझ्या घरासाठी आहे, असे मला वाटले नव्हते.

सोमवारी पाटावर न बसता मी आईला म्हणालो, "तिनं आधी वाटीभर पेज घ्यावी. मंग मी बसतो."

"सासरा उपाशी अन् सून जेवली? लोकं माह्या तोंडात शेन घालतीन."

"घालू दे."

"मंग राय उपाशी," आई म्हणाली.

मी उपाशी शाळेत गेलो. शुद्धलेखन सांगताना मध्येच थांबलो आणि माझेच पोट वाजले. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मास्तर, तुमचं पोट बोलून राह्यलं!" वर्ग हसला. मी त्यांना जठर, आतडी, वारा सगळे फळ्यावर काढून दाखवले. मला वाटत होते, मी फार ठाम वागतो आहे.

दुसऱ्या दिवशीही तसेच केले. संध्याकाळी ती गोठ्यापाशी भेटली. चेहरा उतरला होता. भिंतीला हात टेकून म्हणाली, "हे बंद करा. तुमी जेवत नाई तं मी कशी जेवू? कालपासून पान्यावर हावो."

मी तिच्यासाठी उपवास करत होतो आणि त्या उपवासाने तीच उपाशी राहिली होती. याही वेळी मी तिला काही विचारले नव्हते. माघार मात्र घ्यायची नव्हती. मी तसाच आईकडे गेलो. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"माय, तू सून होती तवा तुह्या पोटात आवाज येये का?"

आईने सूप थांबवले. "येये ना. काऊन नाई येनार?"

"मंग तू का करे?"

"का करीन? लुगडं घट्ट बांधो." तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. "तीस वर्सं झाली. तुह्या बापाच्या कानावर कधी गेलं नाई. अजूनही येते, म्हाताऱ्या पोटातून."

आई आमच्यानंतर जेवते, हे धुऱ्यावर ऐकले होते. पण म्हणजे तीही तोवर उपाशी असते आणि आमच्या उरलेल्यातून जेवते, हे मला आत्ता उमगले. मी म्हणालो, "मंग उद्यापासून तुमी दोघी पेज घ्या. तूही."

"तुह्या बापाले का सांगू?"

"मी सांगतो."

"नाई," आई म्हणाली. "तू नको सांगू. मीच सांगीन."

सकाळी आईने पेज जरा लवकर चढवली. दोन वाट्या भरल्या आणि एक सुनेपुढे सरकवली. ती काही केल्या हात लावेना. "आधी तुमी," म्हणाली. आईने पहिला घोट घेतला, तोंड भाजले, एक शिवी हासडली आणि दुसरा घेतला. मग माझ्या बायकोनेही वाटी उचलली.

तेवढ्यात वडील आले. पाय धुऊन पाटावर बसले. पुढे ताट नव्हते. त्यांनी एकदा खाकरून पाहिले. मग स्वतःचाच दंडक मोडून विचारले, "आज जेवन हाये का नाई?"

"थांबा जराक," आई आतून म्हणाली. "आमी जेवून राह्यलो."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी पाटावर मांडी घालून तसाच बसून राहिलो. आत दोघी फुंकर घालून पेज पीत होत्या, एवढाच आवाज घरात होता.

मग वडील म्हणाले, "तेच आना मंग मलेही, वाटीभर."