पुनाजीचा उतारा

हिंगणीत कोणाला विंचू चावला, की पुनाजी मडावीला बोलावणं ठरलेलं. कळ जिथवर चढली असेल तिथून तो हात दाबून खाली ओढत न्यायचा. कळ खाली सरकली म्हणजे विष उतरलं, हा त्याचा हिशेब, आणि गावाचाही.

पंचावन्न साली तो आणि बायको रुखमा मुंबईला लेकीकडे गेले. रुखमा हौसेनं समुद्रात उतरली, तर जेलीफिशचे तंतू तिच्या गुडघ्याला चिकटले. पुनाजीनं तिला वाळूवर बसवलं आणि गुडघ्यापासून खाली हात दाबून ओढायला घेतला.

"अवो, आता खाली आग होऊन राह्यली!"

"उतरून राह्यलं ना! दम धर," तो खुशीत म्हणाला.

ती ओरडत गेली, तो ओढत गेला. शेवटी एका कोळणीनं धावत येऊन त्याचा हात झटकला. "चोळतोस काय मेल्या! तुटलेला तंतूपण डसतो." तिनं समुद्राचंच पाणी ओतून काडीनं तंतू काढले.

पुढे विंचवाचं बोलावणं आलं, की रुखमाच म्हणायची, "जा ना, काऊन बसून राह्यले?"

पुनाजी तिच्या पायाकडे बघत राहायचा. समुद्र गुडघ्यालाच डसला होता. टाचेपर्यंतचे काळे पट्टे त्याच्या बोटांचे होते.