जोंधळ्यावर घेतलेली मुलगी

तो बोलपट मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा कंटाळा आला, दुसऱ्यांदा राग, आणि तिसऱ्यांदा अशी किळस आली की मध्यंतरात घेतलेल्या शेंगा तशाच घरी आणल्या. हौस म्हणून पाहिला नाही. त्या बोलपटानं आमच्या घरात एक दुखणं आणून ठेवलं होतं, आणि ज्याच्याशी भांडायचं ते नीट पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही माझी सवय.

लढाईचे दिवस होते. सूत मिळत नव्हतं. आमच्या शहापुरातले निम्मे माग बंद. माझ्या दोनांतला एक फळ्यांनी झाकून ठेवला होता. अशात बेळगावात विणकराच्या घरावरचा बोलपट लागल्याची बातमी आली आणि आमची सगळी गल्ली "आपला शिणिमा हाय रं, आपला!" करत थेटरात गेली. आम्हीही गेलो. मी, बायको आणि बारा वर्षांची मुलगी.

गोष्ट अशी. एका विणकराला नदीकाठी टोपलीत मुलगी सापडते. तो तिला वाढवतो. वाढवतो म्हणजे काय, तर ती झोपाळ्यावर बसते. झोका मागे जातो तेव्हा सहा वर्षांची असते, पुढे येतो तेव्हा सोळा वर्षांची. मधली दहा वर्षं एका गाण्याच्या कडव्यात संपली. गोवर नाही, दात पडणं नाही, सुताच्या कांड्या भरून बोटांना पडलेले घट्टे नाहीत. मुलीला तुटलेला धागा जोडता येत नाही, आणि ते तिच्या थोर घराण्याचं लक्षण म्हणून दाखवलंय. शेवटी खांद्यावरचा तीळ पाहून जमीनदारीण तिला ओळखते. विणकर हात जोडून म्हणतो, तुमची ठेव तुम्हांला परत. मुलगी मोटारीत बसते. मागं वळूनसुद्धा बघत नाही.

आणि हे पाहून आमची माणसं, जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होती. आपल्या घरात वाढणं म्हणजे कुणाचं तरी चुकून तिथं राहणं, असं पडद्यावर सांगितलं आणि यांनी टाळ्या दिल्या!

घरी आल्यावर दोन दिवसांनी मुलीनं जेवताना विचारलं, "आप्पा, मला खरंच विकत घेतलंय?"

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथं नवं मूल जन्मलं की त्याला सुपात घालून शेजारणीच्या ओटीत देतात. मग आईनं शेजारणीला शेरभर जोंधळे देऊन ते मूल विकत आणायचं. मूल परक्याचं झालं म्हणजे दैवाची नजर त्याच्यावर जात नाही. आमच्या मुलीला शेजारच्या म्हाताऱ्या आक्कांनी असंच घेतलं आणि विकलं. तेव्हापासून आक्का तिला "जोंधळ्याची" म्हणत. "शेर भरला न्हवता तुझ्या आईनं. माघारी दे माझी पोरगी!" ही त्यांची रोजची थट्टा, आणि मुलगीही हसून "या की न्यायला" म्हणायची.

बोलपट पाहिल्यावर ती हसायची थांबली. एका सकाळी परकर-पोलक्याचं बोचकं घेऊन आक्कांच्या दारात उभी राहिली आणि विचारलं, "आक्का, तुमच्याकडं मला कुणी दिलतं?"

आक्का घाबरून तिला हाताला धरून आमच्याकडे घेऊन आल्या. "मी आपली चेष्टा करतो गं बाई! पोरीनं मनावर घेतलं की."

"मग खरं काय हाय ते सांगा," मुलगी म्हणाली.

बायको उठून चुलीकडं गेली. रीतीचं कारण सांगायचं तर आधी गेलेल्या दोन पोरांचं नाव काढावं लागतं, आणि ते काढलं तर रीत फुकट जाते, अशी माझ्या बायकोची पक्की समजूत. बारा वर्षांत तिनं त्या दोघांबद्दल माझ्याशीही शब्द काढला नव्हता.

म्हणून मी दुसरी वाट धरली. एकट्यानं बोलपट पुन्हा पाहिला आणि खोट मोजून काढली. मग तिसऱ्या खेपेला मुलीला घेऊन गेलो. "तो माग बघ. ती लहान असताना चार बोटं कापड, मोटारीत बसते तेव्हाही चारच बोटं. विणताना त्या माणसाचे पाय हलत नाहीत. सगळं खोटं."

"ते मला पहिल्यांदाच दिसलतं, आप्पा," ती म्हणाली. "पण त्या बाईनं तिला ओळखलं, त्ये?"

पडद्यावर जमीनदारीण पुन्हा रडत होती आणि मागच्या बाकावर कोणी तरी नाक शिंकरत होतं. पैसे देऊन ही घाण मी तीनदा घरी आणली होती. एक गोष्ट मात्र त्या दिवशी ध्यानात आली. त्या विणकराच्या घरात टोपलीआधी काहीच घडलेलं नव्हतं. कुणी जन्मलं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं. गरिबाचं घर म्हणजे दुसऱ्याची ठेव ठेवायची रिकामी खोली.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "तू सांगतेस का मी सांगू?"

तिनं चुलीवरचा तवा उतरवला. मग मुलीकडं न बघता म्हणाली, "तुझ्या आदी दोघं झालती. पयला आठ दिवसाचा गेला. दुसरी पाच."

"नावं काय व्हती?"

"बारशापर्यंत न्हाईत राहिली. कुठलं नाव?"

मुलगी आईजवळ सरकून बसली आणि चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या दोघांना पुरलेली जागा दाखवायला सांगितलं. वडगावच्या पुढं, ओढ्याच्या अंगाला मी तिला नेलं. तिथं आता कुणी तरी मिरची लावली होती. मला नेमकी जागा दाखवता येईना. "या बांधापासून त्या बाभळीपर्यंत, मधे कुठं तरी," एवढंच खरं सांगता आलं.

"मी झाल्यावर तुम्ही हिकडं आलता कधी?"

"न्हाई."

"का?"

"तुला काय व्हईल म्हणून."

ती बांधावर चढली. "आता या की," ती म्हणाली. "आईला पण आणा. आता मी मोठी झालोय, मला काय हुईत न्हाई."

पुढच्या सोमवारी आम्ही तिघं गेलो. मुलगी पुढं चालत होती आणि आईला वाट दाखवत होती.