गोळीनंतरचा अर्धा तास

थायरॉईडची गोळी घेतली की अर्धा तास चहा नाही. तेवढा वेळ मी मुलुंडच्या बागेबाहेर, चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर काढायचे. शेजारी एक काका बसायचे, टोपी गुडघ्यावर ठेवून, सारखं घड्याळ बघत.

एकदा मी विचारलं, "काका, तुम्हालाही थायरॉईड?"

"मला कुठे? आमच्या हिला होता. ती उपाशी बसायची, मग तिच्यासमोर मी कसा पिणार? आता ती गेली. पण अर्धा तास झाल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही बघा."

पुढे ते दिसेनासे झाले, माझंही बागेत जाणं सुटलं. हल्ली गोळी घेऊन मी स्वयंपाकघरातच थांबते. समोर आमचे हे खुशाल चहाचे भुरके मारत असतात.