माघारी यायची वाट

तळवड्यातल्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसतो. नेटवर काय आत-बाहेर जाऊ द्यायचं त्याचे नियम लावणारी राउटरची फायरवॉल सांभाळणारं आमचं टूल आता एआय एजंट चालवतात, आणि त्या एजंटांनी वाचायच्या सूचना तो लिहितो. प्रत्येक वाक्य आधी पुटपुटतो, मगच टाइप करतो.

त्याचं घर चाकण रस्त्याला लागून आहे. वाट चुकलेले ट्रकवाले त्यालाच विचारतात. तो मला सांगतो, "राव, नुसतं 'पुढं जा' म्हणून भागत न्हाई. चुकल्यावर काय दिसंल अन् माघारी कसं वळायचं, ते बी सांगावं लागतं." म्हणून प्रत्येक कमांडखाली तो या दोन गोष्टी लिहितोच. मॅनेजरनं हा पाल्हाळ काढायला सांगितला, तेव्हा "मग माझं नाव बी काढा" एवढंच म्हणाला; ओळी तशाच राहिल्या.

परवा चाचणीत एजंटनं चुकीचा नियम लावला आणि खालच्या मजल्याचं नेट गेलं. आरडाओरडा सुरू झाला. हा जागचा हलला नाही. एजंटनं त्याच्या त्या ओळी वाचल्या, नियम मागं घेतला आणि नेट परत आलं.

"आला का न्हाई माघारी?" पहिल्यांदाच एकट्यानं ट्रक नेलेला पोरगा सुखरूप परतल्यावर बापानं विचारावं, तशा तोऱ्यात त्यानं मॅनेजरला विचारलं. मी नुसताच शेजारी, पण कॉलर माझीही ताठ झाली.