कपाटातली शिट्टी

मामांच्या हातात सेल आला की तो आधी जिभेपर्यंत जायचा. सेलच्या बुडाला तारेचा तुकडा टेकवायचा, तारेचं दुसरं टोक आणि सेलची टोपी एकदमच जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि आंबट चव लागली की निकाल द्यायचा, "हाय. आजून जीव हाय."

आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेचे ते शिपाई. अख्खं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. मी तिथे नवा लागलो होतो आणि एम.एस्सी.ची हवा डोक्यातून उतरायची होती. घाटनांदूरहून रोज एसटीने येऊन ते आमच्या आधी हजर असायचे. प्राचार्यांच्या टॉर्चपासून वॉचमनच्या रेडिओपर्यंत सगळ्यांचे सेल त्यांच्या जिभेवरून जायचे. एकदा मी व्होल्टमीटर पुढे केला, तर म्हणाले, "त्यो बरोबरच हाय, सर. पर त्याला चव कुटं कळती?" तुम्हालाही असं कुणीतरी भेटलं असेल, आपल्या पदवीकडे लाडाने बघणारं.

त्यांची बायको जवळजवळ ठार बहिरी होती. ब्लाउजमध्ये ठेवायची काड्यापेटीएवढी डबी आणि तिथून कानात गेलेली वायर, असं मशीन तिला होतं. त्यात एक पेन्सिल सेल लागायचा. मशीन कानाला लावल्यावर ती पहिलं काय म्हणाली, ते मामा कुणालाही सांगायचे. "म्हनली, आवो, तुमी किती वराडता!"

एका पौषात ती गेली. मामा पंधरा दिवसांनी कामावर आले ते पूर्वीसारखेच, फक्त सेल चाखेनासे झाले. कुणी टॉर्च आणली तर म्हणत, "मीटरवर बघा." मामा शेवटी विज्ञानाच्या वाटेला लागले, असं वाटून मी खूश झालो. आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

मग पोरं कुजबुजायला लागली. "सर, मागच्या कपाटात बाई रडती." मी हसण्यावारी नेलं. पण एका दुपारी वर्ग सुटल्यावर मलाही ते ऐकू आलं. बारीक, न थांबणारं, दाराआडून कुणी कण्हावं तसं. मी कपाट उघडलं. ॲसिडच्या बाटल्यांमागे तिचं मशीन होतं. कानातला तुकडा डबीजवळ ठेवला की अशी मशिनं शिट्टी मारतात. त्याच्या तारा सेलऐवजी एका मऊ, चपट्या पुडीत गेल्या होत्या.

मामा मागे येऊन उभे राहिले होते.

"सर, त्या दिवशी ती म्हनली, सेल संपत आलाय वाटतं. म्या चाखला. म्हनलं, हाय आजून जीव, सांजंपत्तूर चालतंय. आन मी डूटीला आलो. ती बाजारातून येताना मागनं उसाची ट्रॉली आली. डायवर म्हनतो, लई हारन वाजिवला, बाई बाजूलाच होईना."

मी केमिस्ट्रीचा माणूस. मला माहीत होतं की मरायला टेकलेला सेलही जिभेला आंबट लागतो. मशीन चालवायची वेळ आली की मग त्याचा दम तुटतो. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही.

"पाचला घरी पोचायची व्हती ती. सकाळी आठला मशीन लावलं, तर पाचपत्तूर चालंल असा सेल मला करायचाय."

"मामा, दुकानात आता कितीतरी नव्या कंपन्यांचे सेल आलेत."

"इकतचा नगं. एकदा भरवसा ठिवला."

ती पुडी त्यांनी स्वतः केली होती. जुन्या सेलचं जस्ताचं कवच ठोकून पातळ केलेलं, त्यावर नवसागर मुरवलेली चायना ग्रासची जेली, वर सेलमधली काळी पूड चोळलेलं फडकं. सगळं दुधाच्या पिशवीत घालून कडा मेणबत्तीने चिकटवलेल्या. हातावर घेतली की ओल्या पापडासारखी वाकायची. "अंगासंगं वाकलं पायजे," ते म्हणायचे, "तिला टोचायचं न्हाई." ती नव्हती, तरी टोचायचं नाही.

आमच्याकडच्या उन्हात जेली वाळायची आणि शिट्टी बारापर्यंत विरायची. त्यांनी बाभळीचा डिंक घातला, इसबगोल घातलं, कोरफडीचा गर घातला. मी ग्लिसरीन सुचवलं. माझी पदवी त्यांच्या उपयोगी पडली ती एवढीच. शिट्टी दोनपर्यंत गेली, मग तीनपर्यंत. ती थांबली की मामा जागच्या जागी थांबायचे. हातातली परीक्षानळी तशीच धरलेली असायची.

आता मामा नाहीत, म्हणून पुढचं सांगतो.

एके दिवशी पुडी लावून झाली आणि प्राचार्यांनी त्यांना कागद देऊन बीडला पाठवलं. जाताना म्हणाले, "सर, कान ठिवा." मी दिवसभर ठेवला. तीन वाजून वीस मिनिटांनी आवाज बारीक झाला. मी धावत जाऊन पुडी दाबली, तारांच्या फटीतून पाण्याचे थेंब सोडले. शिट्टी बंद पडली.

तिला आज पुन्हा मरू द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी स्टुलावर चढलो, भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढला, पुडीच्या तारा सोडवल्या आणि तो सेल मशीनमध्ये घातला. शिट्टी पुन्हा लागली.

पाचची घंटा झाल्यावर मामा आले. दारातच थांबून ऐकत राहिले. कपाट उघडलं नाही. स्टुलावर बसले, टोपी काढली आणि तोंडावर धरली.

"पोचली, सर. आज घरला पोचली."

मी हो म्हणालो. सगळे गेले की सेल जागेवर घालू असा माझा बेत होता, पण ते किल्ल्या घेऊन दाराशी उभे राहिले. "चला, कुलूप लावतो." मला निघावं लागलं. भिंतीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. घड्याळ चालू होतं आणि वेळ अगदी बरोबर होती. कपाटात फक्त बाटल्या होत्या. मामा माझ्याकडे पाठ करून परीक्षानळ्या धूत होते.

"मामा, काल मी..."

"ऱ्हाऊ द्या, सर," ते नळ बंद न करताच म्हणाले. "येक रात तर घरी व्हती ती."