वार आल्याशिवाय पेढे नाहीत

“पेढे बाहेर ठेवा. अजून वार यायचीय,” हे आमच्या डॉक्टरबाईंचं ठरलेलं वाक्य. बाळ रडलं की नातेवाईक खोका घेऊन दारात हजर. बाई मात्र बाळामागून येणारी वार पुरी पडली आहे हे स्वतः पाहिल्याखेरीज कुणाला धड आनंदसुद्धा करू द्यायच्या नाहीत.

चाकणला त्यांच्या छोट्या प्रसूतिगृहात मी सिस्टर होते. जुनी साडी कुठे विरली तर नाही ना, हे आपण उजेडाला धरून बघतो ना, तशा बाई वार ट्रेमध्ये उलटीपालटी करून बघायच्या. एवढं काय बघायचं, असं मी सुरुवातीला विचारलं. तुकडा आत राहिला तर बाळंतीण हातची जाते, म्हणाल्या, आणि पुन्हा बघू लागल्या.

जवळच्या गावातल्या एका आजींच्या घरी दोन पिढ्यांनी मुलगी जन्मली. आजींना कोण अडवणार! त्या थेट आत घुसल्या आणि बाईंच्या तोंडात पेढा कोंबला. बाई खळखळून हसल्या, ट्रेवर ओझरती नजर टाकली आणि ठीक आहे म्हणाल्या.

आठवड्याभरात सून तापाने फणफणलेली परत आली. रक्त थांबत नव्हतं. सोनोग्राफीत वारेचा तुकडा आत दिसला. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी बाईंना हळूच सुचवलं की असं होतं कधीकधी, इन्फेक्शन झालंय एवढंच सांगा. बाईंनी आजींना आणि कंपनीच्या गणवेशातच धावत आलेल्या सुनेच्या नवऱ्याला समोर बसवलं.

“वार मी नीट तपासली नाही. तुकडा आत राहिलाय. चूक माझी आहे.”

नवरा भडकला, आणि त्याचं बरोबरच होतं. दुसरीकडे न्यायचं तर न्या, मी सोबत येते, असं बाई म्हणाल्या. आजी सुनेकडे बघत म्हणाल्या, “आता कुठं हिंडवता तिला? काढा त्यो तुकडा.”

चिंचवडच्या रक्तपेढीतून निघालेलं रक्त ट्रॅफिकमध्ये अडकलं. ते येईपर्यंत बाईंनी सुनेचा हात सोडला नाही. मी तर देवाला नुसतं वेठीला धरलं होतं. तुकडा निघाला, सून वाचली.

गेल्या वर्षी बाई दवाखाना बंद करून नाशिकला मुलीकडे गेल्या. शेवटच्या दिवशी आजी सुनेला घेऊन आल्या. तिला पुन्हा दिवस गेले होते. आता आम्ही कुणाकडे जायचं, म्हणून आजी रुसून बसल्या.

“चूक झाली तर तोंडावर सांगेल, अशा डॉक्टरकडे जा,” बाई म्हणाल्या.

“व्हय. पर त्यो कुठं बसतो?”

बाई खूप हसल्या. पत्ता मात्र त्यांना सांगता आला नाही.