उंचावरच्या गावाचं पाणी

आमचं घराणं झाशीत येऊन कित्येक पिढ्या झाल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत मी कालव्यांसाठी जमिनीची मोजणी करायचो. एकदा गरौठ्याकडच्या एका गावी कालव्याचं पाणी नेता येईल का, हे पाहायला मला पाठवलं. तीन दिवस मोजणीची दुर्बीण लावून जमिनीच्या पातळ्या घेतल्या. गाव कालव्यापेक्षा चांगलं दोन पुरुष उंच निघालं. पाणी आपणहून वर जाणं शक्यच नव्हतं आणि पंप लावायला गावात वीज नव्हती.

चौथ्या दिवशी तिथे निवडणुकीची सभा होती. उमेदवाराने मला मंचामागे बोलावलं. "पानी आ जाएगा न?"

"साहब, गाँव ऊपर है, नहर नीचे. पानी नहीं चढ़ेगा."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भैया, नीयत साफ हो तो पानी भी चढ़ता है." आणि मला तसंच मंचावर नेलं.

"इंजीनियर साहब ने खुद नापा है! अगली दिवाली तक पानी आपके दरवाजे पर!"

मी इंजिनीयर नव्हतो. त्यांनी माझा हात धरून उंच केला. त्यांचा हात कोरडा, उबदार होता. वीतभर अंतरावरून मी त्यांचा चेहरा पाहिला आणि थक्क झालो. खोटेपणाची एक रेघ नव्हती त्यावर. त्यांना पाणी दिसत होतं. आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मलाही दिसलं: तो उघडा चढ चढून येणारं, उन्हात चमकणारं पाणी. तीन दिवस पातळ्या घेतलेल्या मला! टाळ्यांनी अंगावर काटा आला. मी एक शब्द बोललो नाही.

खाली उतरल्यावर एका म्हातारीने मला अडवलं. "काए लला, पानी चढ़ जैहै?"

"नहीं, अम्मा."

तिने होकारार्थी मान डोलावली. पावसाळ्यात तिच्या अंगणातलं पाणी कालव्याच्या दिशेनेच धावायचं. तिला मोजणीची गरजच नव्हती. मग टाळ्या का वाजवल्या, असं विचारलं, तर म्हणाली, आमच्या दाराचं नाव आजवर कुणी घेतलं होतं?

घरी हे सांगितलं, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "आणि तुम्ही गप्प बसलात?"

अहवालात मी खरं तेच लिहिलं. पण उमेदवार निवडून आले आणि कालव्यापासून गावाकडे चर खोदला गेलाच. पाणी त्याच्या तोंडाशीच थांबलं.

काही वर्षांनी एका समारंभात ते भेटले. ओळखलं, आनंदाने विचारलं, "वहाँ पानी कैसा चल रहा है?"

"पहुँचा ही नहीं, साहब. गाँव ऊपर है."

त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. "अरे! तो किसने कह दिया था कि चढ़ेगा?"

या वेळी मी गप्प राहिलो नाही. "आपने."

भोवतालची माणसं वळून माझ्याकडे पाहू लागली. ते मात्र खळखळून हसले, माझी पाठ थोपटली आणि शेजारच्या गृहस्थांना बबीन्याच्या रस्त्याचं वचन देऊ लागले. मी तिथेच उभा राहून ऐकत राहिलो. रस्ता डोळ्यांसमोर दिसू लागला होता.